ऐन वेळी कच कोण खातो?

मोठ्या स्पर्धेत एखादा नामवंत खेळाडू हरला की त्याच्या पराभवाचे निदान करायला मराठी माणसाला दोन शब्द पुरतात : कच खाल्ली. या दोन शब्दांत त्याच्या कौशल्याविषयी काही म्हटलेले नसते. म्हटलेले असते ते त्याच्या छातीविषयी. हात चांगला होता, पण काळीज लहान निघाले, असा त्याचा मथितार्थ. पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये भारताचे सहा खेळाडू वा जोड्या चौथ्या क्रमांकावर अडकून पडल्या, तेव्हा हे निदान घरोघर ऐकू आले. बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन हा उपान्त्य सामन्यात डेन्मार्कच्या व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनविरुद्ध पहिल्या गेममध्ये २०-१७ असा पुढे होता, दुसऱ्यात ७-० असा पुढे होता. दोन्ही गेम तो हरला. ब्राँझपदकाच्या सामन्यातही पहिला गेम जिंकून पुढचे दोन त्याने गमावले. त्यानंतर त्याचे मार्गदर्शक प्रकाश पदुकोण यांनी, सरकारने आणि संघटनांनी पुरवायचे ते पुरवले आहे, आता जिंकण्याची जबाबदारी खेळाडूंनीही घेतली पाहिजे, अशा आशयाचे उद्गार काढले. पदुकोण यांचा अधिकार मोठा आहे. १९८० साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकणाऱ्या माणसाने दडपणाविषयी बोलावे आणि इतरांनी ते ऐकावे, हे योग्यच होय. परंतु अव्वल खेळाडू मोठ्या स्पर्धेत खरोखरच दडपणाखाली कोसळतात काय, कोसळत असतील तर किती, आणि त्यात दोष स्वभावाचा किती व व्यवस्थेचा किती, हे प्रश्न त्या उद्गारांनी सुटत नाहीत. ते थोडे शांतपणे तपासावेत असे वाटते.

या प्रश्नाचा सर्वांत अधिक खल झाला आहे तो गोल्फ या खेळाच्या संदर्भात. गोल्फ हा आपल्या लोकांचा खेळ नव्हे. रांजणगाव, शिरूर, दौंड या पट्ट्यातील वाचकाने पुण्याला जाता-येता येरवड्याजवळचे गोल्फचे हिरवे मैदान कुंपणाबाहेरून पाहिले असेल, एवढाच काय तो संबंध. पण अर्थशास्त्रज्ञांना हा खेळ फार सोयीचा वाटतो. चार दिवसांत बहात्तर होल, प्रत्येक खेळाडूचे सुमारे पावणेतीनशे फटके, प्रत्येक फटक्याची नोंद, आणि प्रत्येक क्रमांकाला ठरलेली बक्षिसाची रक्कम. चेंडू जागच्या जागी उभा असतो. प्रतिस्पर्धी अंगाला हात लावत नाही. जे बिघडते ते खेळाडूच्या आतच बिघडते, आणि म्हणून दडपणाचा परिणाम मोजायला याहून स्वच्छ प्रयोगशाळा सापडणे अवघड.

उत्तर आयर्लंडच्या रॉरी मॅकिलरॉय याचेच उदाहरण घ्या. २०११ च्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन तो मैदानात उतरला आणि ८० फटके घेऊन कोसळला. निदान करणाऱ्यांनी ते केले. दोनच महिन्यांनी अमेरिकन ओपन स्पर्धा त्याने आठ फटक्यांच्या फरकाने जिंकली. पुढे २०१४ पासून दहा वर्षे त्याला एकही प्रमुख स्पर्धा जिंकता आली नाही. जून २०२४ मध्ये पाइनहर्स्ट येथील अमेरिकन ओपनमध्ये शेवटचे पाच होल उरले असता तो दोन फटक्यांनी पुढे होता. मग सोळाव्या होलवर त्याने अडीच फुटांचा आणि अठराव्यावर चार फुटांहून कमी अंतराचा फटका चुकवला, आणि एका फटक्याने स्पर्धा गमावली. त्या हंगामात तीन फुटांच्या आतले ४९६ फटके त्याने मारले होते व ४९६ होलमध्ये घातले होते. पाचशे वेळा न चुकणारा हात नेमक्या त्या दिवशी चुकला. याला कच खाणे म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे, असे कोणीही विचारील. आणि तरीही एप्रिल २०२५ मध्ये तोच मॅकिलरॉय, त्याच मास्टर्समध्ये, पहिल्याच होलवर दोन फटके वाया घालवून, तेराव्यावर चेंडू ओढ्यात घालवून, अखेरच्या होलवर पाच फुटांचा फटका चुकवून, जस्टिन रोझविरुद्धच्या जादा होलवर जिंकला आणि चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा सहावा खेळाडू ठरला. आता या माणसाचे काळीज लहान की मोठे? २०२४ साली लहान होते आणि दहा महिन्यांत ते वाढले, असे म्हणायला वैद्यकशास्त्राचा आधार नाही.

माणसाच्या स्वभावावर शेरा मारण्यापूर्वी साधे अंकगणित करून पाहावे. आठ समान तोडीचे खेळाडू अंतिम फेरीत असतील तर पाच जण पदकाविना परतणार, हे नियमानेच ठरलेले आहे. जॅक निकलस याने अठरा प्रमुख स्पर्धा जिंकल्या. आजवर कोणीही त्याहून अधिक जिंकलेल्या नाहीत. पण याच निकलसला प्रमुख स्पर्धांत एकोणीस वेळा दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. जिंकण्यापेक्षा दुसरा येण्याचे प्रसंग त्याच्या वाट्याला अधिक आले. त्याला कोणी कच खाणारा म्हणत नाही. कारण उघड आहे : अठरा विजयांनी एकोणीस पराभव झाकले गेले. याउलट ग्रेग नॉर्मन. १९८६ साली चारही प्रमुख स्पर्धांत शेवटच्या दिवसाच्या आरंभी तो आघाडीवर होता आणि त्यांतली एकच जिंकला. १९९६ च्या मास्टर्समध्ये सहा फटक्यांची आघाडी घेऊन त्याने अखेरच्या दिवशी ७८ फटके घेतले आणि निक फाल्डो ६७ फटक्यांत जिंकून गेला. नॉर्मनचे नाव या दुर्गुणाचे जणू पर्यायवाचक बनले. पण शेवटच्या दिवशी इतक्या वेळा आघाडीवर असायला जे लागते, ते कोणी विचारात घेत नाही. जो कधी आघाडीवरच नव्हता त्याला कच खाण्याची संधीच मिळत नाही, आणि म्हणून त्याची अब्रू शाबूत राहते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवली जाते आणि टीकाकार ती आयुष्यभर विसरतात. तीन दिवसांनंतर जो आघाडीवर असतो, तो कौशल्याबरोबरच त्या तीन दिवसांच्या नशिबानेही तिथे असतो. चेंडू खडकावर आपटून बरोबर बाजूला उडाला, वारा त्याच्या वेळी पडला, असे काहीतरी घडलेले असते. चौथ्या दिवशी नशीब सरासरीवर येते आणि खेळही सरासरीकडे उतरतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही घसरण दिसते, आणि घसरणीला कारण हवे म्हणून तो मनाचे कारण शोधतो. टायगर वुड्स याने तीन दिवसांअखेर आघाडी असताना पंधरापैकी चौदा प्रमुख स्पर्धा जिंकल्या, हा अपवाद थोर आहे. पण अपवादाच्या मापाने सगळ्यांना मोजणे हा न्याय नव्हे.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण गोल्फमधलेच आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, बंगळूरची अदिती अशोक तिसऱ्या दिवसाअखेर दुसऱ्या क्रमांकावर होती. जागतिक क्रमवारीत ती तेव्हा दोनशेच्या घरात. शेवटच्या दिवशी ती चौथ्या क्रमांकावर घसरली आणि एका फटक्याने पदकाला मुकली. देशभर हळहळ झाली, आणि हळहळीच्या पोटात 'हातातले पदक गेले' हा सूरही होता. आता आकडे पाहू. त्या दिवशी अदितीने ६८ फटके घेतले. सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या नेली कोर्डाने ६९ घेतले. म्हणजे शेवटच्या दिवशी अदिती विजेतीपेक्षा सरस खेळली! तिला मागे टाकणाऱ्या जपानच्या मोने इनामी आणि न्यूझीलंडच्या लिडिया को यांनी प्रत्येकी ६५ फटके घेतले, एवढाच तिचा अपराध. जिथे कोसळणे मुळी घडलेच नव्हते तिथेही आपल्याला ते दिसले.

महाराष्ट्रात या विषयावर सर्वांत अधिक शाई आणि चहा खर्ची पडला तो सचिन तेंडुलकरच्या बाबतीत. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईच्या कसोटीत पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचा पाठलाग करताना, पाठीच्या असह्य वेदना सोसत, त्याने १३६ धावा केल्या आणि विजय सतरा धावांवर आला असता तो बाद झाला. मोक्याच्या वेळी तो टिकत नाही, हा आक्षेप पुढे अनेक वर्षे त्याच डावाच्या आधाराने घेतला गेला. तो बाद झाल्यानंतर उरलेल्या तीन गड्यांनी मिळून चार धावा केल्या आणि भारत बारा धावांनी हरला, हे मात्र त्या वादात क्वचितच कोणी काढी. जो सर्वांत उंच चढला तोच पडताना दिसला. बाकीचे चढलेच नव्हते. याच चेन्नईत डिसेंबर २००८ मध्ये इंग्लंडविरुद्ध ३८७ धावांचा पाठलाग त्याने नाबाद १०३ धावांनी पुरा करून दिला, तेव्हा वाद मिटला असे वाटले होते. मिटला नाही, हे सांगायला नको.

मग दडपण हे केवळ प्रेक्षकांच्या मनचे भूत समजायचे काय? तसेही नाही. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या दोन अमेरिकन संशोधकांनी व्यावसायिक गोल्फपटूंच्या पंचवीस लाखांहून अधिक फटक्यांची छाननी करून २०११ साली एक निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक होलसाठी फटक्यांची एक ठराविक संख्या अपेक्षित असते, तिला 'पार' म्हणतात. त्याहून एक फटका कमी घेतला तर ती 'बर्डी'. सारख्याच अंतरावरून, सारख्याच जमिनीवर, पार राखण्यासाठी मारलेला फटका हे खेळाडू बर्डीसाठी मारलेल्या फटक्यापेक्षा अधिक वेळा होलमध्ये घालतात, असे दिसून आले. फटक्याची किंमत दोन्हीकडे एकच आहे. पण एकीकडे हातचे जाण्याची भीती आहे आणि दुसरीकडे जादा मिळण्याची आशा. मन या दोहोंत भेद करते, आणि जगातील सर्वोत्तम खेळाडूंचे हातही त्या भेदाने हलतात. प्रश्न 'किती' हा आहे. फरक आहे शंभरात सुमारे दोन फटक्यांचा. जेनिफर ब्राउन यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की टायगर वुड्स स्पर्धेत असला की इतर खेळाडू चार दिवसांत मिळून सुमारे पाऊण फटका अधिक घेतात. या निष्कर्षालाही पुढे आव्हान दिले गेले. पावणेतीनशे फटक्यांत पाऊण फटका! ज्याला आपण कोसळणे म्हणतो, ते मोजपट्टी लावली की एवढेच भरते. मात्र शिखरावर अंतरेच इतकी बारीक असतात की पाऊण फटक्यावर लाखो डॉलर इकडचे तिकडे होतात. २०२५ च्या मास्टर्समध्ये विजेत्याला ४२ लाख डॉलर मिळाले आणि उपविजेत्याला २२ लाख ६८ हजार. परिणाम मोठा झाला म्हणून कारणही तेवढेच मोठे असले पाहिजे, असे आपण गृहीत धरतो, आणि तिथेच फसतो.

हा लहानसा परिणाम घडतो कसा, याविषयी मानसशास्त्रज्ञांत बऱ्यापैकी एकवाक्यता आहे. हजारो वेळा केलेली हालचाल शरीराच्या अंगवळणी पडते आणि मनाने तिच्याकडे लक्ष देण्याची गरज राहत नाही. दडपणाखाली मन पुन्हा लक्ष घालू लागते, मनगट कसे धरले आहे, खांदा कुठे आहे, हे तपासू लागते, आणि चालत्या यंत्रात हात घालावा तसा घोटाळा होतो. शियान बायलॉक यांच्या प्रयोगांत असे आढळले की नवशिक्या गोल्फपटूला सावकाश, लक्ष देऊन फटका मार म्हटले तर तो सुधारतो, आणि मुरलेल्याला तेच सांगितले तर तो बिघडतो. आपल्या यात्रांतील आखाड्यात पहिलवानाला ही अडचण तितकीशी येत नाही, कारण समोरचा गडी त्याला विचार करायला सवडच देत नाही. डाव अंगावर आला की प्रतिडाव टाकावाच लागतो. ज्या खेळांत वेळ खेळाडूच्या हाती असतो, तिथेच मनाला नको तेवढी मोकळीक मिळते. गोल्फ हा तसा खेळ आहे, आणि महाराष्ट्राने ज्या खेळात खरोखर नाव काढले तो नेमबाजीचा खेळ तर त्याहून अधिक तसा आहे. अनुभवी नेमबाज श्वास रोखून, हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात चाप ओढण्याचा प्रयत्न करतो. ठोकेच जलद झाले तर ती फटही अरुंद होते.

म्हणून या विषयातील आपले स्वतःचे, आणि माझ्या मते सर्वांत शिकवणारे, प्रकरण स्वप्निल कुसळे याचे आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा हा मुलगा २००९ साली राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि पुण्यात बालेवाडीला सराव करीत राहिला. त्याचा प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन : गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने अशा तीन स्थितींत गोळ्या झाडायच्या, आणि अंतिम फेरीत प्रत्येक गोळीला दशांशापर्यंत गुण, जास्तीत जास्त १०.९. कैरो येथील २०२२ च्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. ऑलिंपिकची जागा मिळाली, पदक मिळाले नाही. हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत, २०२३ साली, तो अंतिम फेरीत आघाडीवर असताना उभ्या स्थितीतील त्याची एक गोळी ७.६ वर गेली. एका गोळीने पहिल्याचा चौथा झाला. सांघिक सुवर्णपदक मिळाले खरे, पण दोन मोठ्या अंतिम फेऱ्या आणि दोन्हींत चौथा क्रमांक, यावर आपल्याकडे काय निदान झाले असते हे सांगायला ज्योतिषी नको. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये तो सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत शिरला. गुडघ्यावरची फेरी झाली तेव्हा सहावा होता, झोपून झाली तेव्हा पाचवा. आणि ज्या उभ्या स्थितीने त्याला हांगझोऊला बुडवले होते, तिच्यातच त्याने मजल मारून ४५१.४ गुणांसह ब्राँझपदक घेतले. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय.

त्या दहा महिन्यांत काय बदलले? स्वभाव बदलला असे मानायला जागा नाही. माझ्या मते दोन गोष्टी घडल्या. टोकियोच्या अपयशानंतर ऑलिंपिकसाठी निवडीची पद्धत बदलली होती : जागा देशाने मिळवली तरी माणूस ठरवायला २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्ली आणि भोपाळ येथे मिळून चार चाचण्या झाल्या, आणि त्यांत अव्वल ठरल्यावाचून कोणाचीही पॅरिसची जागा पक्की नव्हती. म्हणजे पॅरिसपूर्वीच महिन्याभरात चार वेळा 'आता नाही तर कधीच नाही' हा अनुभव त्याने घेतला. दुसरे, त्याच्या पाठीशी दीपाली देशपांडे यांच्यासारख्या मार्गदर्शक होत्या, ज्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये नेमबाज म्हणून उतरल्या होत्या. चुकलेली गोळी ही चुकलेली गोळी असते, तो माणसावरचा डाग नव्हे, हे अशा मार्गदर्शकाला समजावून सांगावे लागत नाही.

याच्या उलट टोकियो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने जून २०२१ च्या अखेरीस क्रोएशियातील ओसिएक येथे २५ मीटर पिस्तुलात विश्वचषकाचे सुवर्णपदक जिंकले होते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकही तिच्या नावावर होते. ओसिएकनंतर महिन्याभरात टोकियोत ती बत्तिसावी आली, आणि भारताच्या पंधरा नेमबाजांपैकी कोणालाही पदक मिळाले नाही. पंधराच्या पंधरा जण एकाच आठवड्यात भित्रे झाले काय? एक जण चुकला तर त्याच्या मनाचा विचार करता येतो. सगळेच चुकले तर विचार व्यवस्थेचा करावा लागतो. महामारीमुळे मोडलेले स्पर्धांचे वेळापत्रक, महिनोन्‌महिने परदेशात बंदिस्त सराव, मार्गदर्शकांमधील उघड झालेले वाद, आणि रिओच्या अपयशाची भरपाई इथेच व्हायला हवी हा देशाचा आग्रह, यांचा भार प्रत्येक गोळीवर होता.

भार आणि कामगिरी यांच्या संबंधावर एक प्रयोग तमिळनाडूतील मदुराईजवळच्या खेड्यांत झाला होता, हे वाचकांना ठाऊक नसावे. डॅन एरिएली, यूरी नीझी, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि नीना मझार यांचा तो निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. (एरिएली यांच्या एका वेगळ्या निबंधातील आकडेवारी पुढे संशयास्पद ठरून २०२१ साली तो मागे घ्यावा लागला, हेही इथे सांगितले पाहिजे, मदुराईचा निबंध तो नव्हे.) खेडुतांना स्मरणशक्तीचे आणि हस्तकौशल्याचे सहा छोटे खेळ दिले. काहींना अल्प बक्षीस, काहींना मध्यम, आणि काहींना इतके मोठे की साऱ्या खेळांत मिळून एका माणसाच्या सुमारे सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम मिळावी. अल्प आणि मध्यम बक्षिसवाले सारखेच खेळले. सर्वांत मोठ्या बक्षिसवाल्यांची कामगिरी सर्वांत वाईट झाली. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांना हे रुचणारे नाही, कारण मोबदला वाढला की काम वाढते, हा आमचा आद्य सिद्धान्त. गोल्फमध्येच एहरेनबर्ग आणि बोग्नानो यांनी १९९० साली तो सिद्धान्त खरा ठरवला होता : बक्षिसाची एकूण रक्कम मोठी, तर फटके कमी. दोन्ही खरे असू शकते. व्यावसायिक गोल्फपटूला दर आठवड्याला नवी स्पर्धा असते; या रविवारी हुकले ते पुढच्या रविवारी मिळवता येते. मदुराईच्या खेडुताला ती संधी आयुष्यात एकदाच आली होती.

हा भेद रांजणगावात बसून फार स्पष्ट दिसतो. इथल्या औद्योगिक वसाहतीत कामगाराला ठरलेल्या उत्पादनावर जो वाढीव मोबदला मिळतो, तो दर महिन्याला मिळतो. एखाद्या पाळीत यंत्र रुसले, हात चालला नाही, तर नुकसान होते, पण पुढच्या महिन्यात ते भरून निघते, आणि म्हणून त्या मोबदल्यासाठी कोणाचे हात थरथरल्याचे ऐकिवात नाही. आणि याच वसाहतीत पहिली पाळी भरण्यापूर्वी, अंधारात, पुणे-अहिल्यानगर रस्त्याच्या कडेने काही मुले-मुली धावताना दिसतात. ती पोलीस भरतीची तयारी करीत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. भरती केव्हा निघेल याचा नेम नाही, निघाली तर जागांच्या कितीतरी पट अर्ज, आणि वयाची मर्यादा जवळ येत चाललेली. आमच्या वर्गातील काही विद्यार्थी असे आहेत की जे रोजच्या सरावात ठरलेल्या वेळेच्या आत अंतर सहज कापतात आणि मैदानी चाचणीच्या दिवशी मागे पडतात. घरी परतल्यावर त्यांना जे ऐकावे लागते, ते आरंभी सांगितलेल्या दोन शब्दांहून फार निराळे नसते. त्यांची संधी ऑलिंपिकपटूच्या संधीसारखीच विरळ आहे. फक्त त्यांच्यावर कॅमेरा नसतो.

अव्वल खेळाडूंच्या बाबतीत आपण या विरळ संधीवर आणखी वजन टाकतो, आणि ते पैशाच्या रूपाने टाकतो. कुसळेला पदकानंतर महाराष्ट्र शासनाने प्रथम एक कोटी रुपये जाहीर केले, पुढे ती रक्कम दोन कोटींवर गेली. हरियाणात ब्राँझपदकाला अडीच कोटी मिळतात, ही तुलना लगेच निघाली, आणि आपल्या राज्याने कंजूषपणा केला असा सूर उमटला. दोन कोटी की अडीच कोटी, हा वाद गौण आहे. चौथ्या क्रमांकाला काय मिळते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. हांगझोऊसारखी एक ७.६ ची गोळी पॅरिसमध्ये पुन्हा गेली असती तर त्या एका गोळीची किंमत दोन कोटी रुपये, नोकरीतील बढती आणि जन्मभराची ओळख एवढी झाली असती. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांच्या कौशल्यात तेवढे अंतर नसते. एवढे अंतर आपण बक्षिसाने निर्माण करतो आणि मग खेळाडूला सांगतो की मन शांत ठेव.

याच मुलाच्या सरावासाठी गोळ्या विकत घ्यायला वडिलांना कर्ज काढावे लागले होते, असे पदकानंतर वृत्तपत्रांतून आले. रायफलची गोळी परदेशातून येते आणि महाग असते. ज्याला मोजून गोळ्या मिळतात त्याची सरावातली गोळीही वाया घालवण्याजोगी नसते. पदकानंतरच्या कोटींतील काही भाग पदकाआधीच्या वर्षांकडे वळवला, उदयोन्मुख नेमबाजांना गोळ्यांचा पुरेसा साठा दिला, आणि जागतिक व आशियाई स्पर्धांत पहिल्या आठांत येणाऱ्या प्रत्येकाला, पदक असो वा नसो, चार वर्षांची निर्वाहवृत्ती बांधून दिली, तर शेवटच्या गोळीवरचा भार हलका होईल. अंतिम फेरीची सवय ही दुसरी गोष्ट. राज्य पातळीवरच्या स्पर्धा मोजक्या पालकांसमोर आणि शांततेत पार पडतात. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत भरलेले सभागृह असते, ध्वनिक्षेपक असतो, प्रत्येक गोळीनंतर क्रमांक पडद्यावर झळकतो. तशा फेऱ्या बालेवाडीला वर्षातून दहा-बारा वेळा, प्रेक्षक बोलावून, बाद पद्धतीने घेता येतील. त्याला नवे संकुल लागत नाही.

पदुकोण यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. दडपण हाताळणे हेही कौशल्य आहे, ते खेळाडूने कमवायचे असते, आणि सारी सोय झाल्यावरही काही जण ते कमवीत नाहीत. परंतु ते कौशल्य प्रसंगांतून येते, आणि पुरेसे प्रसंग निर्माण करणे खेळाडूच्या हाती नसते. मॅकिलरॉयला वर्षाला चार प्रमुख स्पर्धा मिळतात, आणि त्या पुन्हा जिंकायला त्याला अकरा वर्षे लागली. आपल्या नेमबाजाला अकरा वर्षांत ऑलिंपिकच्या फार तर तीन संधी, त्याही निवड झाली तर. कुसळेची पहिली निवड झाली तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. पोलीस भरतीच्या बाबतीत तर एवढेही करावे लागणार नाही. ती दर वर्षी ठरलेल्या महिन्यात घ्यायची आणि त्या महिन्याची घोषणा वर्षभर आधी करायची, इतकेच पुरेसे आहे.